पंधरा महिन्यांची पदवी आणि तिच्या आधीचे दीड वर्ष

वाचकाचे पत्र, थोडक्यात: न्यू जर्सीत राहणाऱ्या ३६ वर्षांच्या एका वाचक भगिनीने लिहिले आहे. कोल्हापुरातून सूक्ष्मजीवशास्त्रात तीन वर्षांची बीएस्सी, मग एका औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागात नोकरी, आणि लग्नानंतर पतीबरोबर एच-४ व्हिसावर (नोकरीच्या एच-१बी व्हिसावर असलेल्यांच्या जोडीदाराला मिळतो तो) अमेरिकेत वास्तव्य. घरी नऊ आणि पाच वर्षांची दोन मुले आहेत. अलीकडेच त्यांना काम करण्याचा परवाना, म्हणजे ईएडी, मिळाला. ओळखीतल्या एका मुलीने १५ महिन्यांत नर्सिंगची पदवी घेतली आणि ती लगेच रुग्णालयात रुजू झाली, हे पाहून त्यांनाही त्याच ॲक्सेलरेटेड बीएसएन, म्हणजे नर्सिंगच्या वेगवान पदवी अभ्यासक्रमाला याच वर्षी अर्ज करायचा आहे. त्या लिहितात, "माझी दहा वर्षे वाया गेली. आता सर्वांत जवळची वाट हवी. अभ्यासाला मी घाबरत नाही, झोप कमी करून निभावून नेईन." पती अनुकूल आहेत. सासूबाईंना मुलांसाठी काही महिने बोलावून घेण्याचा विचार आहे, परंतु त्यांनीच फोनवर "एवढे शिकून नर्स?" असे विचारल्याने या भगिनी दुखावल्या आहेत. हा निर्णय बरोबर आहे का आणि आपला टिकाव लागेल का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

उत्तर:

तुमचे पत्र मी दोनदा वाचले, आणि दोन्ही वेळा "सर्वांत जवळची वाट" या शब्दांपाशी थांबले. तुम्ही हे शिक्षण पूर्ण करू शकाल याविषयी मला शंका नाही. औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत प्रत्येक नोंदीखाली सही करून तिची जबाबदारी घेणाऱ्या माणसाला नर्सिंगमधली निम्मी शिस्त आधीच अंगवळणी पडलेली असते. माझी शंका आहे ती ही वाट खरोखरच जवळची आहे का, याविषयी. म्हणून तुमच्या दोन प्रश्नांकडे वळण्यापूर्वी त्या १५ महिन्यांचा हिशेब मांडू.

दुसऱ्या विषयात पदवी असलेल्यांसाठी नर्सिंगचा वेगवान अभ्यासक्रम अमेरिकेत प्रथम १९७१ साली सेंट लुईस युनिव्हर्सिटीने सुरू केला. आज असे अभ्यासक्रम देशभर आहेत आणि ते साधारणपणे ११ ते १८ महिन्यांचे असतात. त्यामागची कल्पना सरळ आहे. तुमच्याकडे एक पदवी आहे, तेव्हा भाषा, इतिहास, समाजशास्त्र यांसारखे सर्वसाधारण विषय पुन्हा शिकायला नकोत. उरतो तो फक्त नर्सिंगचा भाग. हा उरलेला भाग मात्र जसाच्या तसा असतो. प्रौढांचे आजार, प्रसूती, बालरोग, मानसिक आरोग्य, औषधशास्त्र आणि वॉर्डातले प्रत्यक्ष काम यांतले काहीही तुमच्यासाठी कमी केले जात नाही. उन्हाळ्याची सुट्टी काढून घेतलेली असते आणि आठवड्याचे दिवस भरलेले असतात, एवढाच फरक. याच कारणाने बहुतेक संस्था या काळात नोकरी करू नका असे स्पष्ट सांगतात.

हे १५ महिने सुरू कधी होतात, हा त्यापुढचा भाग जाहिरातीत ठळकपणे नसतो. प्रवेशापूर्वी काही विषय पूर्ण केलेले असावे लागतात, ज्यांना सगळे प्रीरिक्विझिट म्हणतात: शरीररचना व शरीरक्रियाशास्त्र भाग एक आणि दोन, प्रयोगशाळेसह, सूक्ष्मजीवशास्त्र, तेही प्रयोगशाळेसह, संख्याशास्त्र, मानवी विकासाचे मानसशास्त्र, पोषणशास्त्र आणि बऱ्याच ठिकाणी रसायनशास्त्र. "माझे तर मायक्रोबायोलॉजीच आहे" असे तुम्ही पत्रात लिहिले आहे. दुर्दैवाने अनेक विद्यापीठे विज्ञान विषय मागच्या पाच, सात किंवा फार तर दहा वर्षांतले असावेत अशी अट घालतात, त्यामुळे तुम्ही पदवीला तीन वर्षे शिकलेला विषय तुम्हाला एका सत्रासाठी पुन्हा घ्यावा लागण्याची शक्यता मोठी आहे. याचे वाईट वाटून घेऊ नका, कारण त्या एका विषयात तुम्हाला जवळजवळ हमखास ए श्रेणी मिळेल आणि प्रवेशसमिती आधी याच विषयांची सरासरी पाहते. शरीररचनेचा दुसरा भाग पहिल्याशिवाय घेता येत नाही, म्हणून ही तयारी एका सत्रात उरकत नाही. जानेवारीत सुरुवात केलीत तर वसंत, उन्हाळा आणि शरद अशी तिन्ही सत्रे त्यात जातील, शरदातच अर्ज भरावा लागेल, पुढच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर वर्ग सुरू होतील आणि त्यानंतर तुमचे १५ महिने. परिचारिकेची परवाना परीक्षा आणि पहिली नोकरी धरली, तर आजपासून जवळपास तीन वर्षे झाली.

आता याच्या शेजारी दुसरा पर्याय ठेवा. तुमच्या काउंटी कॉलेजातला, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी महाविद्यालयातला, दोन वर्षांचा असोसिएट पदवीचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या विद्यार्थिनी तीच एनक्लेक्स-आरएन ही परवाना परीक्षा देतात आणि त्यांना तोच नोंदणीकृत परिचारिकेचा परवाना मिळतो. तिथेही काही विषय आधी घ्यावे लागतात. दोन्ही वाटांमध्ये अंतर पडते ते साधारण आठ-दहा महिन्यांचे. जी घाई तुम्हाला झोप लागू देत नाही, तिच्यातून हाती येणारी बचत एवढीच आहे, आणि तुम्हाला निर्णय घ्यायचा आहे तो या आठ-दहा महिन्यांसाठी काय मोजायचे याचा.

पैशांच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे. खासगी विद्यापीठातील वेगवान पदवीचे शुल्क साठ-सत्तर हजार डॉलरच्या पुढे सहज जाते. काउंटी कॉलेजात स्थानिक रहिवाशांच्या दराने त्याच्या लहानशा हिश्श्यात परवाना मिळतो. सरकारी शैक्षणिक कर्ज नागरिकांना, ग्रीन कार्डधारकांना आणि अशाच मोजक्या गटांना मिळते, एच-४ वर असलेल्यांना मिळत नाही, आणि ग्रीन कार्ड असले तरी आधी पदवी झालेल्याला पेल हे सरकारी अनुदान मिळत नाही. म्हणजे हा खर्च तुमच्या बचतीतून किंवा हमीदार लागणाऱ्या खासगी कर्जातून होणार. असोसिएट पदवीची बाजू इथे लंगडी आहे, हेही सांगायला हवे: मोठी रुग्णालये नव्या परिचारिकांमध्ये बीएसएन असलेल्यांना झुकते माप देतात, आणि शेजारच्या न्यू यॉर्क राज्याने २०१७ च्या कायद्याने नव्या परिचारिकांना परवान्यानंतर दहा वर्षांत बीएसएन करणे बंधनकारक केले आहे. परंतु ती पदवी नोकरी करता करता ऑनलाइन पूर्ण करता येते, आणि अनेक रुग्णालये तिच्या शुल्काचा काही भाग स्वतः उचलतात.

तुमच्या बाबतीत याहूनही आधीचा एक प्रश्न आहे, आणि तो तुमच्या पत्रात कुठेच नाही. तुमची पदवी तीन वर्षांची आहे आणि अमेरिकेतील पदवी चार वर्षांची असते. वेगवान अभ्यासक्रमाला प्रवेश मिळतो तो तुमच्याकडे अमेरिकी पदवीच्या तोडीची पदवी आहे, या आधारावर. वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेससारख्या मूल्यांकन संस्था काही तीन वर्षांच्या भारतीय पदव्यांना समकक्ष मानतात, पण तसे करताना वर्ग आणि महाविद्यालयाची नॅक श्रेणी यांसारख्या गोष्टी पाहतात. आणि मूल्यांकन अनुकूल आले तरी ते स्वीकारायचे की नाही, हे प्रत्येक विद्यापीठ स्वतः ठरवते. तेव्हा पहिले काम म्हणजे विषयवार मूल्यांकन मागवणे. त्यासाठी विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून गुणपत्रकांच्या प्रती थेट पाठवाव्या लागतात, आणि इथे आपल्याकडच्या बायकांची हमखास अडचण होते ती नावाची. गुणपत्रिकेवर माहेरचे आडनाव आणि वडिलांचे नाव, पासपोर्टवर सासरचे आडनाव आणि पतीचे नाव, आणि कधीकधी लग्नात बदललेले पहिले नावसुद्धा. विवाह नोंदणीचा दाखला इंग्रजी भाषांतरासह हाताशी ठेवा आणि अर्जात "पूर्वीचे नाव" हा रकाना न विसरता भरा. कोल्हापुरात भावाला किंवा मैत्रिणीला विद्यापीठात एक-दोन खेपा घालाव्या लागतील, तेव्हा त्यांना आत्ताच सांगून ठेवा. मूल्यांकन प्रतिकूल आले, तर वेगवान अभ्यासक्रमाचा प्रश्नच उरत नाही आणि असोसिएट पदवीची वाट मोकळी राहते, कारण तिला आधीच्या पदवीची अट नाही.

कामाच्या परवान्याविषयीही थोडे लिहिते, कारण हा प्रश्न अनेक वाचक भगिनींचा आहे. एच-४ वर पूर्णवेळ शिकता येते; नोकरी मात्र ईएडीशिवाय करता येत नाही. पतीचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डसाठी त्यांच्या कंपनीने केलेला अर्ज, मंजूर झालेला असणे किंवा त्यांच्या एच-१बी ला सहा वर्षांपुढची मुदतवाढ मिळालेली असणे, या अटींवर ही सोय २०१५ पासून आहे. तुमचा कामाचा परवाना पतीच्या नोकरीच्या आधारावर उभा आहे; ती नोकरी गेली तर त्यांना जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते आणि तुमचे शिक्षणही त्याच ६० दिवसांत अडकते. शिवाय ३० ऑक्टोबर २०२५ पासून ईएडीच्या नूतनीकरणाचा अर्ज केल्यावर आपोआप मिळणारी मुदतवाढ बंद झाली आहे. रुग्णालयात रुजू झाल्यावर तुमचे कार्ड संपले आणि नवे आले नाही, तर त्या दिवसापासून कामावर जाता येणार नाही, म्हणून तारखा लक्षात ठेवून मुभा मिळेल त्या पहिल्या दिवशी अर्ज करा. ईएडी नसताना हे शिक्षण घेऊ पाहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. काही राज्यांची परिचारिका मंडळे परिचारिकेच्या परवान्यासाठी सोशल सिक्युरिटी क्रमांक मागतात, तर कॅलिफोर्नियासारखी काही कर क्रमांकावरही परवाना देतात. आपल्या राज्याच्या मंडळाला हे लेखी विचारावे आणि मगच शुल्क भरावे. एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घेऊन शिकल्यास पदवीनंतर एक वर्ष काम करता येते. पुढे एच-१बी मिळेल असे धरून चालू नये, कारण साध्या वॉर्डातल्या परिचारिकेच्या पदाला बीएसएन अनिवार्य नसल्यामुळे ते पद सहसा त्या व्हिसात बसत नाही.

हे सगळे हिशेबाचे झाले. तुमच्या पत्रात मला वाचायला मिळाले नाही ते नर्सिंगचे काम. पगार आहे (नोंदणीकृत परिचारिकांचा मध्यम वार्षिक पगार मे २०२४ मध्ये ९३,६०० डॉलर होता, त्यामुळे ते कारण लहान नाही), स्थैर्य आहे, ओळखीतल्या मुलीचे उदाहरण आहे. मात्र रुग्ण पत्रात कुठेच येत नाही. म्हणून क्लिनिकलच्या, म्हणजे वॉर्डातल्या प्रत्यक्ष कामाच्या, पहिल्या दिवशी काय होते ते सांगते. सकाळी पावणेसातला तुम्ही वॉर्डात हजर असता. रात्रपाळीची परिचारिका दिवसपाळीला रुग्ण सोपवत असते, आणि त्यातले अर्धे संक्षेप तुम्हाला कळलेले नसतात. मग तुमच्या वाट्याला ऐंशीच्या घरातले एक आजोबा येतात, ज्यांच्या शरीराची एक बाजू अर्धांगवायूने गेलेली आहे. त्यांना अंथरुणातच अंघोळ घालायची असते. पाणी कोमट आहे ना, हे स्वतःच्या मनगटावर पाहायचे, जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा ठेवायचा, दुसरा हात पाठीशी धरून त्यांना कुशीवर वळवायचे, मळलेली चादर गुंडाळत नवी सरकवायची. हे करताना कंबरेच्या हाडापाशी एक लालसर डाग दिसतो. बोटाने दाबून तो पांढरा पडतो का ते पाहायचे. पडत नसेल, तर ती शय्याव्रणाची सुरुवात असते, आणि ते तुम्ही आत्ता पाहिले नसते, तर आठवड्याने तिथे जखम झाली असती. त्यांनी दोनदा माफी मागितलेली असते, कारण तुम्हाला हे सारे करावे लागते याचा त्यांना संकोच वाटतो, आणि त्यांचा संकोच कमी करणे हेही तुमचेच काम असते.

हे वाचताना तुम्हाला "हे मला करायचे आहे" असे वाटले, की "हे काही दिवसांपुरते सोसेन" असे वाटले? याचे उत्तर कल्पनेने देऊ नका. सर्टिफाइड नर्सिंग असिस्टंटचे प्रशिक्षण केंद्रीय नियमानुसार किमान ७५ तासांचे असते आणि ते काही आठवड्यांत होते. ईएडी असल्यामुळे तुम्हाला त्यानंतर वृद्धाश्रमात आठवड्यातून एक-दोन पाळ्या काम करता येईल. ईएडी नसलेल्यांनी रुग्णालयात किंवा हॉस्पिसमध्ये, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या ठिकाणी, स्वयंसेवा करावी. प्रवेशसमिती याला मोल देते हे खरे आहे, पण मी ते सुचवते आहे ते तुमच्यासाठी. काही हजार डॉलर भरल्यावर वास सहन होत नाही हे कळण्यापेक्षा ते आधी कळलेले केव्हाही बरे. आणि माझा अनुभव असा, की प्रयोगशाळेतून आलेल्या पुष्कळ जणी पहिल्याच महिन्यात या कामात रमतात.

अर्जाच्या बाबतीत थोडक्यात सांगते. बरीच विद्यापीठे नर्सिंगकॅस या सामाईक व्यवस्थेतून अर्ज घेतात. तिथे प्रत्येक विषयाची नोंद गुणपत्रिकेबरहुकूम करावी लागते, त्यासाठी दोन-तीन संध्याकाळी राखून ठेवा. प्रवेशपरीक्षा बहुधा टीज किंवा हेसी असते. टीजमध्ये २०९ मिनिटांत १७० प्रश्न असतात. आपल्याकडची मुले गणित आणि विज्ञानाला वेळ देतात आणि वाचन व इंग्रजीत गुण घालवतात, म्हणून तयारीचा क्रम उलटा ठेवा. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, तेव्हा एकही प्रश्न सोडू नका. शिफारसपत्रासाठी चौदा वर्षांपूर्वीच्या प्राध्यापकांना शोधत बसण्यापेक्षा आता जे विषय घ्याल त्या वर्गात पहिल्या बाकावर बसा, प्रश्न विचारा, प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना, म्हणजे त्यांच्या भेटीच्या वेळांना, जा. निबंधात "लहानपणापासून सेवेची आवड" हे वाक्य टाळा, कारण ते शेकडो अर्जांत असते. औषध कंपनीत एखादा बॅच तुम्ही का रोखून धरला, त्यावेळी वरिष्ठांशी काय बोललात, हे सविस्तर लिहिलेत तर समितीला परिचारिका दिसेल.

संस्था निवडताना सीसीएनई किंवा एसीईएन यांची मान्यता, राज्य मंडळाची मंजुरी आणि एनक्लेक्समधील पहिल्या प्रयत्नाचा निकाल, या तीन गोष्टी स्वतः संकेतस्थळावर तपासा. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणांनी फ्लोरिडातील काही नर्सिंग शाळांमधून ७,६०० हून अधिक बनावट पदविका विकल्या गेल्याचे उघड केले. पुढे अनेक राज्यांत अशा लोकांचे परवाने रद्द झाले. "परीक्षा नाही, क्लिनिकल नाही, घरबसल्या पदवी" असे कोणी सांगत असेल, तर पुढचे बोलणे तिथेच थांबवा. प्रवेश मिळाल्यावर लसीकरणाची कागदपत्रे मागतात, त्यातली एक गोष्ट आपल्या लोकांसाठी महत्त्वाची आहे: लहानपणी बीसीजी घेतलेली असल्यामुळे क्षयरोगाची त्वचाचाचणी आपल्यात चुकीने सकारात्मक येऊ शकते. त्याऐवजी इग्रा ही रक्तचाचणी मागून घ्या, म्हणजे विनाकारण छातीच्या एक्स-रेच्या फेऱ्यात अडकायला होणार नाही.

आता टिकाव लागण्याविषयी. तुम्ही म्हणता, झोप कमी करून निभावून नेईन. ही गोष्ट मी तुम्हाला करू देणार नाही. कारकुनी कामात जागरणाची चूक खोडता येते. वॉर्डात तुम्ही इन्शुलिनची मात्रा युनिटांत मोजून सिरिंजमध्ये घेत असता, आणि दुसऱ्या परिचारिकेने ती तपासावी असा अनेक रुग्णालयांचा नियम आहे तो माणूस थकतो म्हणूनच. तुमच्या जागरणाची किंमत बिछान्यावरचा माणूस मोजतो. शिवाय हा अभ्यास रात्रभर घोकून होणारा नाही. आपल्या विद्यापीठांत उत्तर आठवले की गुण मिळत असत. इथे पुष्कळदा चारही पर्याय बरोबर असतात आणि त्यांतले आधी काय करायचे ते निवडायचे असते. उदाहरण देते. तुमच्याकडे चार रुग्ण आहेत: शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी वेदना दहापैकी सहा असलेली बाई, जेवणापूर्वी साखर २१० असलेला मधुमेही, फुप्फुसांच्या जुनाट आजाराचा, ऑक्सिजन ९० टक्के असलेला गृहस्थ, आणि दोन दिवसांपूर्वी मांडीचे हाड मोडलेला, आता एकाएकी अस्वस्थ होऊन धापा टाकणारा तरुण. पाठांतर करणारी विद्यार्थिनी ९० हा आकडा पाहून तिसऱ्याकडे धावते. परंतु त्या आजारात ८८ ते ९२ हेच बहुधा अपेक्षित असते. मोडलेल्या हाडातील चरबी रक्तातून फुप्फुसात गेली असण्याचा धोका चौथ्याला आहे, आणि त्याच्याकडे आधी जायचे. एनक्लेक्स परीक्षा अशा ८५ ते १५० प्रश्नांची असते आणि एप्रिल २०२३ पासून तिच्यात रुग्णाची संपूर्ण माहिती देऊन टप्प्याटप्प्याने निर्णय विचारले जातात. म्हणून पहिल्या आठवड्यापासून रोज थोडे प्रश्न सोडवा आणि सोडवण्यापेक्षा दुप्पट वेळ चुकलेल्या उत्तराचे कारण वाचण्यात घालवा.

उत्तीर्ण होण्याची रेषा बहुतेक ठिकाणी ७५ ते ८० टक्क्यांच्या दरम्यान असते, औषधांच्या गणिताच्या चाचणीत ती ९० किंवा त्याहून वर जाते, आणि दोन विषयांत नापास झाल्यास बऱ्याच संस्था नाव कमी करतात. वेगवान अभ्यासक्रमात एक विषय सात-आठ आठवड्यांतच संपतो, त्यामुळे पहिली चाचणी बिघडली तर सावरायला पंधरवडादेखील हातात नसतो. त्या चाचणीनंतर त्याच आठवड्यात प्राध्यापकांकडे जा. आपल्याकडे हे कमीपणाचे वाटते, गुण मागायला गेल्यासारखे वाटते. इथे मात्र न जाणारीला विषयात रस नाही असे समजले जाते. हाच संकोच वॉर्डात अधिक महाग पडतो. डॉक्टरांनी लिहिलेली मात्रा चुकीची वाटली तर फोन करून विचारणे हे इथल्या परिचारिकेचे कायदेशीर कर्तव्य आहे. परिस्थिती, पार्श्वभूमी, तुमचे निरीक्षण आणि तुमची सूचना या क्रमाने चार वाक्यांत बोलण्याची पद्धत सर्वत्र शिकवली जाते. ती घरी मोठ्याने, इंग्रजीत, आरशासमोर बोलून तयार करा. उच्चार आपलाच राहू द्या, वेग मात्र कमी ठेवा.

घरातल्या वेळेचे बोलू. तुमचे यजमान अनुकूल आहेत हे चांगले आहे, पण "तू शीक, मी आहे" या वाक्याने मंगळवारी पहाटे साडेपाचला डबे भरले जात नाहीत. एक कागद घ्या आणि आठवड्याचे सातही दिवस त्यावर तासांसह मांडा: क्लिनिकलचे बारा तासांचे दिवस, वर्ग, त्याआधीच्या रात्री रुग्णाची माहिती वाचून करायची तयारी, मुलांची शाळा, पोहणे, ताप आल्यास शाळेतून येणारा फोन. प्रत्येक चौकोनात एकाच माणसाचे नाव लिहा. धाकट्याला ताप आला आणि तुमची परीक्षा असेल, तर बैठक सोडून कोण जाणार, हे यजमानांनी आजच सांगायला हवे, कारण क्लिनिकलचे बुडालेले तास भरून देण्याची सोय फार थोड्या ठिकाणी असते.

आणि सासूबाई. पर्यटक व्हिसावर त्यांना सहसा एका वेळी सहा महिन्यांपर्यंत राहता येते, तुमचा अभ्यासक्रम १५ महिन्यांचा आहे. त्या गाडी चालवणार नाहीत, थंडीत त्यांना एकटीने बाहेर पडता येणार नाही, आणि आरोग्यविमा खर्चिक असतो. त्यांच्या येण्यावर सगळी मांडणी उभी करणे तुमच्यासाठी जोखमीचे आणि त्यांच्यावर अन्यायाचे होईल. त्या आल्या तर आनंदाने याव्यात, नातवंडांबरोबर राहाव्यात; शाळेनंतरची व्यवस्था मात्र त्यांच्याविना चालेल अशीच करा.

त्यांच्या बोलण्याने तुम्हाला लागले, हे मी समजू शकते. तरीही त्यामागे तुम्ही तुच्छता गृहीत धरली आहे, ती मला तितकी खात्रीची वाटत नाही. त्यांच्या पिढीने सरकारी इस्पितळात एकेका सिस्टरवर पन्नास-साठ रुग्णांचा भार पाहिला आहे, रात्रपाळीवरून परतणाऱ्या बाईविषयी बोलले जाणारे ऐकले आहे. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाने शतकापूर्वी विधवा स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेच्या शिक्षणाला पाठवले, तेव्हा त्यांच्यावरही टीका झाली होती. तो पूर्वग्रह जुना आहे, आणि तो वाद घालून जाणार नाही. पुढच्या फोनवर त्यांना रुग्णालयात परिचारिका काय करते ते सांगा: रुग्णाची तपासणी करून नर्सिंगच्या अंगाने स्वतःचे निदान लिहिते, धोका दिसल्यास औषध तूर्त थांबवू शकते, डॉक्टरांना बोलावून घेते. त्यांना पटेल किंवा पटणार नाही. तुमचा प्रवेश त्यावर अवलंबून ठेवू नका.

वयाचा उल्लेख तुम्ही दोनदा केला आहे. दुसऱ्या पदवीच्या या वर्गांत तिशी-चाळिशीतले विद्यार्थी नेहमीच असतात. तिथे तुम्ही वेगळ्या दिसणार नाही. "दहा वर्षे वाया गेली" हेही मला मान्य नाही. कायद्याने काम करण्याची मुभा नसताना परक्या देशात दोन मुले वाढवणाऱ्या बाईने वेळ वाया घालवला असे म्हणताच येत नाही, आणि ती भरपाई १५ महिन्यांत वसूल करायची ही भावना घेऊन वर्गात बसलात, तर प्रत्येक कमी गुण तुम्हाला दुप्पट बोचेल.

माझे मत विचाराल, तर यंदा वेगवान अभ्यासक्रमाला अर्ज करू नये. यंदा मूल्यांकन मागवा आणि जानेवारीत काउंटी कॉलेजात शरीररचना भाग एक आणि संख्याशास्त्र एवढेच दोन विषय घ्या; ते दोन्ही वाटांना लागतात, त्यामुळे पुढे काहीही ठरले तरी फुकट जात नाहीत. फक्त नाव नोंदवण्याआधी तुमच्या पसंतीच्या संस्थांना हे विषय चालतील का, ते ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवा. त्याच काळात असिस्टंटचे प्रशिक्षण पूर्ण करा. मे महिन्यात तुमच्याकडे मूल्यांकनाचा निकाल असेल, दोन विषयांच्या श्रेणी असतील, आणि त्या कागदावर लिहिलेली नावे प्रत्यक्षात उभी राहिली की नाही, हेही कळले असेल. पदवी समकक्ष ठरली, श्रेणी ए असल्या, पैशांची तरतूद कर्जाशिवाय किंवा थोड्या कर्जात होत असली आणि घर चालले असेल, तर वेगवान अभ्यासक्रमाला अवश्य अर्ज करा. सोबत असोसिएट पदवीचाही एक अर्ज ठेवा. यांतली एखादी गोष्ट जरी डळमळीत असेल, तर काउंटी कॉलेजची दोन वर्षे घ्या आणि बीएसएन नोकरीत असताना करा. कोणत्याही संस्थेने जागा राखण्यासाठी परत न मिळणारी अनामत मागितली, तर पतीच्या आय-१४० चे आणि तुमच्या ईएडीच्या तारखांचे कागद समोर ठेवून ती तारीख अभ्यासक्रमाच्या शेवटापर्यंत पोहोचते का, हे एकदा मोजून घ्या आणि मगच भरा.